पत्ता सांगणारं सॉफ्टवेअर, पत्ता लपवणारं जाळं

भीमेच्या एका अंगाला शिरूर तालुका, पलीकडे दौंड. मांडवगण फराटा शिरूरच्या बाजूला, उसाच्या पट्ट्यात. नदीकाठच्या कुठल्याही गावात वाळूचा विषय चारचौघांत मोठ्यानं निघत नाही. रात्री ट्रॅक्टर कुठल्या वाटेनं पात्रात उतरतात हे ज्याचं रान नदीला लागून आहे त्याला ठाऊक असतं, आणि त्याला ठाऊक आहे हेही इतरांना ठाऊक असतं. समजा, अशा एका घरातल्या पोरानं बांधावर उभं राहून मोबाइलवर उपशाचं चित्रण केलं. सातशे एमबीची फाइल झाली. ती लोकांपर्यंत पोचावी, पण आपलं नाव कुठंही येऊ नये, असं त्याला वाटतं. व्हॉट्सअॅपवर टाकली तर नंबर जातो. पेन ड्राइव्ह द्यायचा तर देणारा हात दिसतो. मग कॉम्प्युटरचं थोडंफार कळणारा एखादा मित्र सांगतो, ‘टोरंट बनव आणि टॉरमधून सोड, कुणाच्या बापाला कळायचं नाही.’

या प्रकरणाचा विषय हा सल्ला आहे. त्यातलं निम्मं बरोबर आहे आणि उरलेलं निम्मं घात करणारं.

नाव लपवायची एवढी काय गरज, असं शहरातल्या वाचकाला वाटू शकेल. त्याच्यासाठी याच पुणे जिल्ह्यातलं उदाहरण आहे. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी माहितीच्या अधिकारात कागद मागवून जमिनीचे गैरव्यवहार उघड करत होते, आणि सगळं स्वतःच्या नावानं करत होते. त्यांनी पोलिस संरक्षण मागितलं होतं. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा खून झाला. अशा लोकांच्या संरक्षणासाठी संसदेनं २०१४ मध्ये कायदा केला, त्या वर्षीच्या मे महिन्यात राष्ट्रपतींची मंजुरीही मिळाली, पण तो लागू करणारी अधिसूचना वर्षं उलटली तरी निघाली नाही. त्यातही एक मेख आहे: तक्रार करणाऱ्यानं स्वतःची ओळख दिली नाही तर त्या तक्रारीवर कारवाई करायची नाही, असं कायदाच सांगतो. म्हणजे संरक्षण हवं तर आधी नाव सांगा.

त्यामुळे निनावी अर्जाची जुनी रीत खेड्यापाड्यांत टिकून आहे. मांडवगणचा माणूस असा अर्ज गावच्या पोस्टात टाकत नाही. दौंडला जातो आणि स्टेशनजवळच्या पेटीत टाकतो, म्हणजे पाकिटावरच्या शिक्क्यावरून गाव कळू नये. पण आत मजकुरात लिहितो, ‘आमच्या शेताच्या खालच्या अंगाला रोज रात्री…’ पाकीट कितीही लांबून टाकलं तरी आतल्या ओळीनं गाव, शिवार आणि गट नंबर सगळं सांगून टाकलेलं असतं. टोरंट आणि टॉर जोडण्यातला घोटाळा नेमका इथेच आहे, फक्त ती आतली ओळ माणूस लिहीत नाही, सॉफ्टवेअर लिहितं.

आधी टोरंटचं काम कसं चालतं ते पाहू. ब्रॅम कोहेन या अमेरिकी प्रोग्रामरनं २००१ मध्ये बिटटोरंट तयार केलं. एका सर्व्हरवरून हजार जणांनी फाइल उतरवली तर तो सर्व्हर गुडघे टेकतो. कोहेननं फाइलचे लहान तुकडे केले आणि ज्याच्याकडे जो तुकडा आला त्यानं तो लगेच पुढच्याला द्यायचा, अशी व्यवस्था बसवली. जितके घेणारे वाढतील तितके देणारेही वाढतात. प्रत्येक तुकड्याचा गणिती ठसा टोरंट फाइलमध्ये आधीच नोंदलेला असतो, त्यामुळे मधल्या कुणी तुकडा बदलला तर लगेच पकडला जातो. लिनक्सच्या आवृत्त्या असोत की इंटरनेट आर्काइव्हवरची जुनी पुस्तकं, मोठ्या फाइली स्वस्तात वाटण्यासाठी याहून चांगली युक्ती अजून कुणाला सुचलेली नाही, असं माझं मत आहे. चोरीच्या सिनेमांनी तिचं नाव खराब केलं, तो भाग वेगळा.

पण ही व्यवस्था एका गोष्टीवर उभी आहे. मी कुठं आहे हे मी सगळ्यांना सांगितलं पाहिजे. टोरंटचा प्रोग्राम सुरू झाला की तो आधी ट्रॅकरला कळवतो: अमुक फाइल मला हवी आहे किंवा माझ्याकडे आहे, माझा आयपी पत्ता हा, दार क्रमांक (पोर्ट) हा, इतकं उतरलं, इतकं बाकी. ट्रॅकर ती यादी मागेल त्याला देतो. ट्रॅकर बंद पडला तरी अडू नये म्हणून २००५ पासून डीएचटी नावाची दुसरी सोय आली. तिच्यात ही यादी जगभरच्या वापरणाऱ्यांच्याच यंत्रांत विखरून ठेवलेली असते. शिवाय एकमेकांशी जोडले गेलेले प्रोग्राम ‘तुझ्या ओळखीत आणखी कोण आहे’ असंही आपसांत विचारतात. देणारा-घेणारा सापडलाच पाहिजे, या एका हेतूनं सगळी रचना झाली आहे.

ही यादी चोवीस तास कुणीही वाचू शकतो. फ्रान्सच्या इन्रिया या संशोधन संस्थेतल्या लोकांनी २०१० मध्ये हे करून दाखवलं. १०३ दिवसांत त्यांनी टोरंट वापरणाऱ्यांचे १४ कोटी ८० लाख आयपी पत्ते गोळा केले. आपल्या वाळूच्या चित्रणासाठी त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष दुसरा होता: नव्यानं आलेल्या फाइलींपैकी ७० टक्के फाइली सर्वांत आधी कुणी सोडल्या त्याचा पत्ता त्यांना काढता आला. टोरंट नवीन असताना पूर्ण फाइल एकाच यंत्राकडे असते. त्या पहिल्या काही मिनिटांत जो यादी बघतो त्याला मूळ देणारा दिसतो. हजार जणांनी उतरवल्यावर तो गर्दीत मिसळतो खरा, पण तोवर नोंद झालेली असते.

आता टॉर. त्याची मूळ कल्पना अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत १९९० च्या दशकाच्या मध्यावर निघाली. २००२ मध्ये रॉजर डिंगलडाइन आणि निक मॅथ्यूसन यांनी पॉल सिव्हरसन यांच्याबरोबर टॉर चालू केलं, २००६ मध्ये त्याची ना-नफा संस्था झाली. जगभरच्या स्वयंसेवकांची काही हजार यंत्रं आपल्या जोडणीला वाट देतात. आपला प्रोग्राम त्यांतली तीन निवडतो आणि मजकुरावर तीन कुलपं चढवतो. पहिल्याला फक्त आपण कोण ते कळतं, तिसऱ्याला फक्त कुठं जायचं ते कळतं, मधल्याला दोन्ही कळत नाही. तिसरं यंत्र, म्हणजे निर्गमद्वार, मजकूर बाहेरच्या इंटरनेटवर सोडतं. पुढच्याला पत्ता दिसतो तो त्या द्वाराचा.

मग टोरंटच्या प्रोग्राममध्ये प्रॉक्सीच्या, म्हणजे मध्यस्थ यंत्राच्या, जागी टॉरचा पत्ता भरला की झालं, असं कुणालाही वाटेल. क्यूबिटटोरंटसारख्या प्रोग्राममध्ये प्रॉक्सीचा रकाना असतो. चार अक्षरं टाईप करायची एवढंच काम. एप्रिल २०१० मध्ये टॉर प्रकल्पानं स्वतःच जाहीर लिहिलं की हे करू नका. कारणं एकात एक गुंतलेली आहेत.

टॉर फक्त टीसीपी पद्धतीची वाहतूक नेतं. टोरंटची बरीचशी वाहतूक यूडीपी या दुसऱ्या पद्धतीची असते: बरेच ट्रॅकर, संपूर्ण डीएचटी, आणि तुकड्यांची देवाणघेवाणही. टॉरची वाट बंद दिसली की अनेक प्रोग्राम थांबत नव्हते. ते मुकाट्यानं सरळ रस्त्यानं जात होते. वापरणाऱ्याला पडद्यावर काहीच वेगळं दिसत नसे, फाइल उतरत असे, म्हणून तो खूश. दुसरं, वाट टॉरची असली तरी ट्रॅकरला जाणाऱ्या मजकुरात प्रोग्राम स्वतःचा खरा आयपी पत्ता लिहून पाठवत असे. दोन प्रोग्राम जुळताना होणाऱ्या ओळखपाळखीतही पत्त्यासाठी जागा आहे आणि तीही इमानानं भरली जात असे. दौंडच्या पेटीतलं पाकीट आणि आत ‘आमच्या शेताच्या खालच्या अंगाला’.

तिसरी गोष्ट अधिक धूर्त. प्रोग्राम पहिल्यांदा चालू होतो तेव्हा ऐकण्यासाठी एक दार क्रमांक बहुधा स्वतःच निवडतो. हा क्रमांक टॉरमधून ट्रॅकरला जातो आणि सरळ रस्त्यानं डीएचटीलाही जातो. एका बाजूला ‘कुणीतरी, दार ५१४१३’ आणि दुसऱ्या बाजूला ‘अमुक आयपी, दार ५१४१३, तीच फाइल’ अशा दोन नोंदी शेजारी ठेवल्या की माणूस सापडला. इन्रियाच्याच गटानं टॉरची सहा निर्गमद्वारं स्वतः चालवून हे सगळं तपासलं, २३ दिवसांत सुमारे दहा हजार खरे पत्ते बाहेर काढले, आणि २०११ मध्ये निबंध छापला. त्यातला सर्वांत झोंबणारा भाग टोरंटचा नव्हताच. त्या काळी एकाच वाटेवरून टोरंट आणि ब्राउझर दोघांचीही वाहतूक जात असे. टोरंटनं पत्ता सांगितला की त्याच वाटेवरून त्या माणसानं काय वाचलं तेही त्याच्या नावावर जमा होई. टॉर ब्राउझरनं पुढे प्रत्येक संकेतस्थळासाठी वाटा वेगळ्या केल्या, पण टोरंटचा स्वभाव बदलला नाही.

आणखी एक कारण आहे, ते सभ्यपणाचं. टॉरची यंत्रं लोक पदरच्या खर्चानं चालवतात. सातशे एमबीची फाइल तीन यंत्रांमधून गेली तर प्रत्येकाला ती एकदा घ्यावी आणि एकदा द्यावी लागते. ज्या वाटेवर एखाद्या देशातला पत्रकार चार ओळींची बातमी पाठवायला धडपडतोय तिथं सिनेमाचे ट्रक घालणं, हे काही शोभत नाही.

मुद्दा असा की हे कुठल्या एका प्रोग्रामचं शैथिल्य नाही. ज्या प्रोग्रामचा जन्मच पत्ता सांगण्यासाठी झाला, त्याला पत्ता लपवणाऱ्या नळीतून बोलायला लावलं तरी तो पत्ताच सांगणार. उपाय दोनच: त्याला बोलताना पकडून प्रत्येक वाक्य तपासायचं, किंवा ज्यात आयपी पत्ता लिहायला जागाच नाही अशी भाषा त्याला द्यायची. आयटूपी नावाच्या जाळ्यानं दुसरा मार्ग धरला.

आयटूपी २००३ मध्ये सुरू झालं. ते ज्यांनी बांधलं त्यांची खरी नावं आपल्याला माहीत नाहीत; ‘जेरँडम’ या टोपणनावानं वावरणारा मुख्य प्रोग्रामर २००७ च्या अखेरीस कामातून नाहीसा झाला आणि इतर टोपणनावांनी ते पुढे चालवलं. टॉरचं मुख्य काम बाहेरच्या इंटरनेटवर नेऊन सोडणं. आयटूपीचं काम आतल्याआत. तिथं प्रत्येक वापरणाऱ्याचं यंत्र इतरांची वाहतूकही वाहतं, म्हणजे टोरंटच्या ‘घे तसं दे’ या वृत्तीशी त्याचं मुळातच जमतं. जाण्याची वाट वेगळी, येण्याची वेगळी, प्रत्येकीत साधारण तीन यंत्रं, आणि दर दहा मिनिटांनी वाटा मोडून नव्या बांधायच्या.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिथला पत्ता. आयटूपीत तुमचा पत्ता म्हणजे एका गणिती किल्लीचा ठसा. बावन्न अक्षरांची ओळ, शेवटी ‘बी३२.आयटूपी’. त्यात देश नाही, कंपनी नाही, गाव नाही. त्या पत्त्यावर पाठवलेलं तुम्हाला मिळतं, पण तुम्ही कुठं आहात हे पाठवणाऱ्याला कळत नाही. भारतातल्या वाचकाला ही कल्पना नवी वाटायला नको. माहिती अधिकाराच्या अर्जात फक्त संपर्कापुरता पत्ता मागता येतो, आणि अविषेक गोयंका यांच्या याचिकेवर कलकत्ता उच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०१३ मध्ये सांगितलं की त्यासाठी पोस्ट बॉक्स नंबर पुरे. उत्तर पोचावं पण घर कळू नये, या गरजेला न्यायालयानं दिलेलं उत्तर आणि आयटूपीनं दिलेलं उत्तर एकच आहे.

आयटूपीतलं टोरंट हेच पत्ते वापरतं. ट्रॅकर आयटूपीच्या आतलाच, यादीत आयपीच्या जागी किल्ल्यांचे ठसे. प्रोग्रामनं कितीही बडबड केली तरी त्याच्याकडे सांगायला खरा पत्ता नसतो. आयटूपीबरोबर आयटूपीस्नार्क नावाचा टोरंट प्रोग्राम मिळतो, तो बाहेरच्या इंटरनेटशी टोरंटसाठी बोलतच नाही. ज्याला नीट काम हवं आहे आणि हौस भागवायची नाही, त्यानं हाच वापरावा.

हौस असलेल्यांसाठी जोडणीचे दुसरे मार्ग आहेत. अझ्यूरियस हा जावामधला टोरंट प्रोग्राम २००३ मध्ये आला आणि लवकरच त्यानं टॉर आणि आयटूपी दोन्हींशी जोडायची सोय दिली. पुढे तो व्ह्यूझ झाला, आणि त्याच्यातून निघालेला बिगलीबीटी आज आयटूपीचं प्लगइन देतो. क्यूबिटटोरंटनं २०२३ च्या अखेरीस ४.६ आवृत्तीत प्रायोगिक सोय आणली. आयटूपीच्या राउटर-प्रोग्राममध्ये सॅम नावाचा पूल असतो, तो इतर प्रोग्रामना जाळ्यात शिरू देतो. मूळ जावा आवृत्तीत तो हातानं चालू करावा लागतो. मग क्यूबिटटोरंटच्या जोडणीच्या पानावर आयटूपीच्या रकान्यात यजमान म्हणून स्वतःचंच यंत्र, १२७.०.०.१, आणि दार ७६५६ टाकायचं. त्याच्याखाली ‘मिश्र पद्धत’ अशा अर्थाचा एक चौकोन आहे. त्याला हात लावायचा नाही. तो चालू केला की आयटूपीतलं टोरंट साध्या इंटरनेटवरच्या पत्त्यांशीही बोलू लागतं आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. चौकोन बंद ठेवला तरी त्याच प्रोग्राममध्ये उघडलेलं साधं टोरंट सरळ रस्त्यानंच जातं. म्हणून दोन कामांना दोन वेगळे प्रोग्राम ठेवणं शहाणपणाचं.

आता हे सगळं मांडवगणला कसं चालेल? गावात बहुतेकांचं इंटरनेट मोबाइलचं. मोबाइल कंपन्यांकडे आयपीव्ही४ पत्ते कमी असल्यानं त्या एकच पत्ता कित्येक ग्राहकांत वाटतात. त्यामुळे बाहेरून आपल्या यंत्राशी कुणी थेट जोडणी करू शकत नाही. आयटूपी अशा यंत्राला ‘आडोशामागचं’ समजतं आणि इतर यंत्रांच्या ओळखीनं जोडून देतं. काम होतं, पण हळू. पत्ता वाटून घेतलेला आहे म्हणून आपण आपोआप निनावी झालो, असं मात्र कुणी समजू नये. कोणता ग्राहक कोणत्या क्षणी कोणत्या दारातून बाहेर पडला याची नोंद कंपन्यांना ठेवावीच लागते, आणि डिसेंबर २०२१ पासून ती दोन वर्षं जपायचा नियम आहे.

वेगाचा हिशेब कागदावर करून पाहावा. आयटूपीत सेकंदाला पन्नास केबी मिळाले असं धरलं, तर सातशे एमबीला जवळपास चार तास लागतात. देणाऱ्याची तीन आणि घेणाऱ्याची तीन अशी सहा यंत्रं मध्ये, म्हणजे सात टप्पे. एकदा फाइल पोचवायला जाळ्यावर पावणेपाच ते पाच जीबी वाहतूक होते. शिवाय आपलं यंत्र इतरांचंही वाहणार, आणि दिवसाचा दीड-दोन जीबीचा पॅक त्यात दुपारीच संपणार. इतरांसाठी किती वाहायचं हे राउटर-प्रोग्राममध्ये कमी करता येतं. लपून राहायची एक पद्धतही आहे, तिच्यात आपलं यंत्र इतरांचं वाहत नाही आणि जाळ्याच्या नोंदवहीत आपला पत्ता छापलाही जात नाही. एरवी आयटूपी वापरणाऱ्याचा आयपी पत्ता त्या नोंदवहीत उघड असतो: काय पाठवलं ते कळत नाही, पण आयटूपी चालू आहे हे कळतं.

हे असं दिसून येणंच खेड्यातल्या माणसासाठी सर्वांत अवघड आहे. डिसेंबर २०१३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात एका विद्यार्थ्यानं परीक्षा टळावी म्हणून टॉरमधून बॉम्बच्या खोट्या धमक्या पाठवल्या. टॉर कुणी फोडलं नाही. विद्यापीठानं एवढंच पाहिलं की त्या वेळी आपल्या वायफायवरून टॉर कोण वापरत होतं. मोजकी माणसं निघाली, पोलिसांनी विचारल्यावर त्यानं कबूल केलं. एवढ्या मोठ्या विद्यापीठात जर गर्दी अपुरी पडली, तर नदीकाठच्या एका टॉवरखाली त्या रात्री टॉर चालवणारे किती असतील? टॉर किंवा आयटूपी बसवणं हा भारतात गुन्हा नाही, पण एकट्यानं छत्री उघडली की ती लांबून दिसते. म्हणून गावातून पाठवू नये. पुण्याला जाऊन, गर्दीच्या ठिकाणाहून पाठवावं. निनावी अर्ज दौंडला नेऊन टाकणाऱ्याला हे सांगावं लागत नाही.

फाइलकडे वळू, कारण जाळं कितीही पक्कं असलं तरी फाइल स्वतः बोलते. जून २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं एका काटछाटीसह मोकळा केलेला ‘उडता पंजाब’ सिनेमा प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी टोरंटवर आला. कोपऱ्यात इंग्रजीत ‘सेन्सॉरसाठी’ असं लिहिलेलं. प्रत कुठल्या वाटेनं फुटली याचा संशय त्या दोन शब्दांनीच एका दिशेला नेला. मोबाइलच्या चित्रणात असा शब्द दिसत नाही, पण आत तारीख, वेळ, फोनचं मॉडेल आणि बऱ्याचदा अक्षांश-रेखांश असतात. टोरंट फाइल बनवतानाही काही प्रोग्राम स्वतःचं नाव आणि बनवल्याची वेळ तिच्यात लिहितात. हे सगळं पुसता येतं. जे पुसता येत नाही ते म्हणजे कॅमेऱ्याची जागा. समोर पात्राचं अमुक वळण, डावीकडे विहिरीचा कठडा, पुढ्यात उसाचे शेंडे. असं दृश्य एकाच बांधावरून दिसतं आणि तो बांध कुणाचा हे तलाठ्याला विचारावं लागत नाही. गावातल्या माणसाला तर नाहीच नाही. त्यावर टॉरकडे किंवा आयटूपीकडे इलाज नाही. पलीकडच्या काठावरून चित्रण करणं हा आहे.

कायद्याबद्दलचाही एक गैरसमज दूर करायला हवा. टोरंट म्हटलं की तीन वर्षं तुरुंग, असं लोकांना वाटतं. याला कारण बंद केलेल्या पानांवर झळकणारी एक सूचना होती: पाहणं, उतरवणं, सगळंच गुन्हा असल्याचं ती सांगत असे. २०१६ मध्ये ‘ढिशूम’ सिनेमाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी ही भाषा तपासली आणि स्पष्ट केलं की नुसतं पाहणं हा कॉपीराइट कायद्याखालचा गुन्हा नाही. परवानगीवाचून वितरण, जाहीर प्रदर्शन, विक्री किंवा भाड्यानं देणं हा आहे. बातमी वाचून अनेकांना हायसं वाटलं असेल, पण टोरंटवाल्यांना वाटायला नको होतं. टोरंटमध्ये उतरवता उतरवताच तुम्ही वाटतही असता. तुम्हाला फक्त सिनेमा पाहायचा होता, हे तुमच्या प्रोग्रामला माहीत नसतं. वाळूच्या चित्रणाला ही अडचण नाही. ते काढणाऱ्याचं स्वतःचं आहे, त्यानं ते कुणालाही द्यावं.

मग त्या पोरानं टोरंट करावं का? माझं उत्तर: पहिल्या पावलाला नाही. एका पत्रकाराला एक फाइल द्यायची असेल तर अनियनशेअर बरं. मायका ली यांनी ते २०१४ मध्ये लिहिलं. आदल्या वर्षी पत्रकार ग्लेन ग्रीनवाल्ड यांचे जोडीदार डेव्हिड मिरांडा यांना लंडनच्या हीथ्रो विमानतळावर रोखून त्यांच्याकडची उपकरणं काढून घेतली गेली. कागदपत्रं माणसाच्या खिशातून न नेता पोचवायचा मार्ग हवा, हे तेव्हा दिसलं. अनियनशेअर आपल्याच लॅपटॉपवर टॉरच्या आतला एक तात्पुरता पत्ता उघडतं, ५६ अक्षरांचा, आणि ज्याला तो पत्ता आणि किल्ली दिली तो टॉर ब्राउझरमधून फाइल उतरवतो. निर्गमद्वार लागतच नाही, मध्ये कुठली कंपनी नाही, यादी नाही, ट्रॅकर नाही. फाइल गेली की पत्ता बंद. घेणाऱ्याची फाइल उतरेपर्यंत लॅपटॉप चालू ठेवावा लागतो, म्हणून तेवढा वेळ काढून बसावं. पत्ता आणि किल्ली मात्र व्हॉट्सअॅपवर पाठवायची नाही, हे सांगायला नकोच.

टोरंटचा उपयोग त्यानंतर येतो. पत्रकारानं बातमी दिली नाही, किंवा दिली आणि कुठल्यातरी संकेतस्थळावरची प्रत दबावानं उतरवली गेली, तर फाइल शंभर ठिकाणी असलेली बरी. तेव्हा ती आयटूपीतल्या ट्रॅकरवर सोडावी. तिथून ती पुण्यात, सोलापुरात किंवा न्यू जर्सीत बसलेल्या एखाद्या मराठी माणसानं बिगलीबीटीमध्ये घ्यावी आणि तेच टोरंट साध्या इंटरनेटच्या बाजूलाही खुलं करावं. हा प्रोग्राम दोन्ही जाळ्यांवर एकाच वेळी एकच फाइल देऊ शकतो. साध्या इंटरनेटवर पहिला देणारा म्हणून यादीत नाव लागेल ते त्या माणसाचं, आणि त्यानं नदीचं पात्र कधी पाहिलेलंही नसेल. त्याच्याकडे मागे जायला फक्त बावन्न अक्षरं आहेत. या माणसाला लपायचं कारण नाही, पण त्यानं आपण वितरक झालो हे समजून उमजून करावं आणि आधी फाइलमधला तारखेचा, जागेचा तपशील पुसला आहे का ते पाहावं. आणखी दोघा-तिघांकडे पूर्ण प्रत गेल्याचं टोरंटच्या पडद्यावर दिसलं की मूळच्या पोरानं आपल्या लॅपटॉपवरचं आयटूपी बंद करायचं, त्या बावन्न अक्षरांमागची किल्ली कायमची पुसायची आणि फोनमधलं मूळ चित्रणही ठेवायचं नाही.